दक्षिण दरवाजाची धास्ती

मराठवाड्यातील लहान गावांतून नव्या वसाहती उभ्या राहू लागल्या, तसा घर बांधणाऱ्या माणसाच्या मनातील पहिला प्रश्नही बदलला. पूर्वी जागा पाहायला गेलेला माणूस विहीर किती लांब आहे, पावसाळ्यात पाणी कोठून वाहते, जमीन मुरमाची आहे की काळी, शेजार कसा आहे, याची चौकशी करी. आता तो मोबाइलमधील होकायंत्राकडे पाहतो आणि प्लॉटचे तोंड दक्षिणेला आहे असे दिसताच मागे फिरतो. खुलताबादसारख्या तालुक्याच्या गावी ही गोष्ट अधिकच विसंगत वाटते; कारण दगड, दिशा, वारा आणि पाणी यांच्याशी माणसाने कसा व्यवहार केला, याचा इतका मोठा आणि इतका जुना पुरावा महाराष्ट्रातील फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला आला आहे.

या धास्तीमागे एक भरभराटलेला व्यापार आहे. वास्तुशास्त्र आणि फेंगशुई असे त्याचे दोन विभाग असले, तरी दुकान बहुधा एकच असते. एकाच कपाटात तांब्याचे वास्तुयंत्र, स्फटिकाचा गोळा, तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक आणि ढेरपोट्या ‘लाफिंग बुद्धा’ गुण्यागोविंदाने नांदतात. हा हसरा गृहस्थ म्हणजे गौतम बुद्ध नव्हे, तर चिनी लोककथांतून पुढे आलेला बुदाई नावाचा एक भिक्षू होय, हे विकणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही. सल्लागार घरी येतो, नकाशा पाहतो आणि ‘सकारात्मक ऊर्जे’चा प्रवाह नेमका कोठे अडला आहे ते बोट ठेवून दाखवतो. ईशान्येला संडास आहे, म्हणून मुलगा दोनदा नापास झाला. ओटा उत्तरेला आहे, म्हणून घरात पैसा टिकत नाही. उपायही ठरलेले असतात. भिंत पाडावी, दार हलवावे, आणि तेही जमत नसेल तर काहीतरी विकत घेऊन दाराला टांगावे.

धनिकाला हा छंद परवडतो. परंतु शिक्षक, कारकून, तलाठी अशा नोकरदार माणसाचे घर म्हणजे त्याच्या उभ्या आयुष्याच्या पगाराची बेरीज असते. पतपेढीचे कर्ज, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, पत्नीचे मोडलेले दागिने आणि पंधरा-वीस वर्षांचे हप्ते मिळून ते घर उभे राहते. अशा घरातील नवाकोरा ओटा कोणाच्या तरी शब्दाखातर फोडला जातो, तेव्हा प्रश्न केवळ श्रद्धेचा राहत नाही. तो हिशेबाचा होतो, आणि म्हणून हिशेब मागण्याचा अधिकारही प्राप्त होतो.

पहिला हिशेब ‘ऊर्जा’ या शब्दाचाच मागायला हवा. ऊर्जा म्हणजे काय, ती कोणत्या एककात मोजतात, एका रूपातून दुसऱ्या रूपात ती कशी जाते, हे शाळेत शिकवले जाते. घरातून वाहणारी ऊर्जा काल्पनिक नाही. भिंतीतून शिरणारी उष्णता, खिडकीतून येणारा प्रकाश, तारेतून येणारी वीज, गच्चीवरील टाकीतून उतरणारे पाणी ही सारी तिचीच रूपे असून त्यांतील प्रत्येकाचे मोजमाप होते. सल्लागाराच्या ऊर्जेचे वैशिष्ट्य असे की, तिची नोंद कोणत्याही उपकरणावर होत नाही. बिल मात्र रुपयांत होते. सकाळी शाळेत ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवणारा शिक्षक संध्याकाळी या दुसऱ्या ऊर्जेसाठी खिडकी बुजवतो, हे दृश्य आता दुर्मिळ राहिलेले नाही.

फेंगशुई या शब्दाचा सरळ अर्थ ‘वारा आणि पाणी’ असा आहे. १९९० नंतरच्या काळात ती आपल्याकडे घराच्या सजावटीची विद्या म्हणून आली. पण चीनमध्ये आरंभी तिचा संबंध जिवंतांच्या घरांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, मृतांच्या कबरींशी होता. तिसऱ्या-चौथ्या शतकांत होऊन गेलेल्या ग्वो पू या पंडिताच्या नावावर परंपरेने घातला जाणारा या विद्येचा प्रमुख ग्रंथ दफनाविषयीचाच आहे. वारा अडेल आणि पाणी जवळ असेल अशा जागी पूर्वजाला पुरले, तर भूमीतील प्राणशक्ती त्याच्या अस्थींतून वंशजांपर्यंत पोहोचते आणि कुळाची भरभराट होते, अशी ही कल्पना आहे.

कबरीच्या जागेवरून वंशाचे भवितव्य ठरत असेल, तर ते पडताळून पाहायला खुलताबादइतके सोयीचे गाव शोधून सापडणार नाही. दौलताबाद आणि वेरूळ यांच्यामधील डोंगरावर हे गाव वसले आहे. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवल्यानंतर दिल्लीकडील सूफी सत्पुरुष या भागात आले आणि त्यांच्या दर्ग्यांभोवती वस्ती वाढली. गावाचे जुने नाव ‘रौझा’, म्हणजेच समाधिस्थान. खुलताबाद हे नाव औरंगजेबाला मृत्यूनंतर मिळालेल्या ‘खुल्द-मकान’ या उपाधीवरून आले. १७०७ साली नगरजवळ भिंगार येथे तो मरण पावला आणि त्याच्या इच्छेनुसार शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आकाशाखाली, साध्या मातीत त्याला पुरण्यात आले. जागेची निवड त्याने जाणूनबुजून केली होती. त्यानंतर काय झाले? बारा वर्षांच्या आत मोगल घराणे इतके खिळखिळे झाले की १७१९ या एकाच वर्षात दिल्लीच्या तख्ताने चार बादशहा पाहिले, आणि १७३९ मध्ये नादिरशहाने खुद्द दिल्ली लुटली.

आता रस्ता ओलांडून पलीकडे, शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात यावे. तेथे हैदराबादच्या राज्याचा संस्थापक पहिला निजाम आसफजाह याची कबर आहे. तो १७४८ साली वारला, आणि त्याच्या वंशजांचे राज्य सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षे टिकले. डोंगर एकच, वारा एकच, पाणी एकच आणि मातीही एकच. एका कुळाची धूळधाण झाली, दुसरे दोन शतके गादीवर राहिले. शिवाय त्याच आवारात आसफजाहचा मुलगा नासिरजंग याचीही कबर आहे, आणि तो बापाच्या मागे दोनच वर्षांनी मारला गेला. मग जागेचा गुण कसा ठरवायचा? मुलगा मारला गेला हे धरायचे, की राज्य टिकले हे धरायचे? फेंगशुईचा जाणकार यावर निरुत्तर होणार नाही. तो कबरीचा कोन, दरवाजाची बाजू, जवळचे एखादे झाड असे काहीतरी शोधून काढील. आणि खरी अडचण तीच आहे. जे घडले त्याला नंतर हवे ते कारण लावता येत असेल, तर ते शास्त्र आधी काहीच सांगत नाही असा त्याचा अर्थ होतो. निजामाच्या टिकण्याचे कारण शोधायचे तर ते १७९८ साली त्याच्या वारसाने पत्करलेल्या इंग्रजी तैनाती फौजेत सापडते. त्यासाठी मातीत उकरण्याची गरज पडत नाही.

या दोन विद्यांचे एकमेकींशी तरी पटते काय? चीनच्या उत्तर भागात हिवाळ्यात उत्तरेकडून बोचरे वारे येतात. म्हणून पाठीशी उत्तरेला डोंगर आणि समोर दक्षिणेला मोकळी जागा व पाणी, ही तेथील आदर्श मांडणी ठरली. बादशहाही दक्षिणेकडे तोंड करून दरबारात बसे. चिनी लोक होकायंत्रालाही दक्षिण दाखवणारी सुई म्हणत आले. आपल्याकडील वास्तुविद्येत नेमके उलट आहे. उंच व जड भाग नैर्ऋत्येला, पाणी व मोकळीक ईशान्येला, आणि दक्षिण ही तर यमाची दिशा. म्हणजे बीजिंगमध्ये जे दार भाग्य आणते, ते खुलताबादेत मृत्यूला बोलावते. दोन्ही विद्यांचा सल्ला एकाच वेळी घेणाऱ्याच्या घरात या ऊर्जेने कोणाचे ऐकावे, हे निदान त्या दुकानदाराने तरी सांगायला हवे. आणि दक्षिणेचे हे भय आपल्याही परंपरेत सरसकट नाही. खुलताबादच्या भद्रा मारुतीला हनुमान जयंतीला आणि श्रावणी शनिवारी दूरदूरचे भाविक पायी येतात. यातल्याच कित्येकांना दक्षिणमुखी मारुती विशेष जागृत वाटतो. स्वतःच्या घराचे दार मात्र त्याच दिशेला नको असते.

जुन्या ग्रंथांना उगाच नावे ठेवण्याचे कारण नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तूवर स्वतंत्र प्रकरण आहे, तसेच जमिनीखालील पाणी ओळखण्यावरही आहे. त्यातील भूमीची एक परीक्षा आजच्या अभियंत्यालाही समजेल अशी आहे. हातभर खोल खड्डा खणावा, निघालेली माती पुन्हा त्यातच भरावी आणि ती उरते की कमी पडते ते पाहावे. तसेच खड्ड्यात पाणी भरून शंभर पावले चालून यावे आणि किती पाणी मुरले ते पाहावे. जमीन घट्ट आहे की भुसभुशीत, पाणी धरते की सोडते, हे यातून कळते. अकराव्या शतकात राजा भोजाच्या नावावर असलेल्या समरांगणसूत्रधारात तर नगररचनेपासून यंत्रांपर्यंत अनेक विषय येतात. ही त्या काळच्या अनुभवी कारागिरांची शिदोरी होती.

पण याच ग्रंथपरंपरेत कोणत्या वर्णाने किती मोठे घर बांधावे याचेही माप दिलेले आहे, आणि कोणत्या रंगाची माती कोणत्या वर्णाला योग्य हेही सांगितले आहे. पांढरी माती ब्राह्मणाची, तांबडी क्षत्रियाची, पिवळी वैश्याची आणि काळी शूद्राची! हा नियम पाळायचा म्हटला तर काळ्या मातीच्या मराठवाड्यातून तीन वर्णांना बिऱ्हाड हलवावे लागेल. आजचा सल्लागार हा भाग गिऱ्हाइकाला सांगत नाही, आणि तो का सांगत नाही हे उघड आहे. मात्र याच काळ्या मातीत जो खरा दोष आहे, तोही तो सांगत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि कच्च्या पायाच्या घराच्या भिंतींना तडे देते. अभियंत्याच्या दृष्टीने ही या प्रदेशातील घराची पहिली काळजी आहे. दाराविषयी म्हणावे तर ग्रंथांनी वास्तूच्या चार बाजूंवर बत्तीस द्वारस्थाने कल्पिली असून प्रत्येक बाजूला काही शुभ व काही अशुभ सांगितली आहेत. दक्षिण बाजूही त्याला अपवाद नाही. म्हणजे ज्या शास्त्राच्या नावाने दक्षिणमुखी घर सरसकट बाद केले जाते, त्या शास्त्रानेच ते केलेले नाही. हा निर्णय बाजाराचा आहे.

खुलताबाद तालुक्यातच असलेल्या वेरूळने तर हा प्रश्न हजारबाराशे वर्षांपूर्वी निकालात काढला. तेथील चौतीस लेणी सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या ज्या कड्यात कोरली आहेत, तो कडा पश्चिमेकडे पाहतो. म्हणून लेणीही पश्चिमेकडे पाहतात. बौद्ध, हिंदू, जैन, कोणत्याही पंथाच्या कारागिरांनी पूर्वाभिमुख दार हवे म्हणून डोंगर बदलून मागितला नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील मानले जाणारे कैलास लेणे वरून खाली कोरत आणले गेले. त्या कारागिरांनी खडकाचे थर, भेगा आणि पाण्याचा निचरा यांचा किती विचार केला असेल! दहाव्या क्रमांकाच्या लेण्याला तर विश्वकर्म्याचेच नाव आहे. ‘सुतार की झोपडी’ म्हणून ते परिचित असून सुतार मंडळी तेथे भक्तीने येत असत. वास्तुविद्येचा आद्य देव मानला जाणारा विश्वकर्मा येथे सावलीत बसून मावळत्या सूर्याची किरणे आत घेतो आहे, आणि त्याच्या नावाने धंदा करणारे तालुक्याच्या गावात लोकांना पश्चिमेचे व दक्षिणेचे दार बंद करायला सांगत आहेत.

दिशेला काहीच महत्त्व नाही, असे मात्र कोणी समजू नये. ते फार आहे. पण ते सूर्यामुळे आणि वाऱ्यामुळे आहे, यमामुळे नाही. खुलताबाद सुमारे वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एका मध्यान्ही सूर्य तेथे नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शाळांतून हा शून्य सावलीचा प्रयोग अलीकडे आवर्जून केला जातो. त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे या दोन महिन्यांत घराच्या दक्षिण भिंतीवर भर दुपारचे ऊन पडतच नाही. त्या आधीच्या कडक उन्हाळ्यातही सूर्य इतका उंच असतो की खिडकीवर हातभर छज्जा असला तरी दक्षिणेचे ऊन बाहेर राहते. थंडीत हाच सूर्य दक्षिणेला कलतो आणि त्याच खिडकीतून ऊन घरात येते. उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊब देणारी दिशा दुसरी कोणती? खरा ताप पश्चिमेच्या भिंतीचा असतो. दुपारी तिरपे येणारे ऊन ती शोषून घेते आणि रात्री झोपण्याच्या वेळी खोलीत सोडते. त्याहून अधिक ताप डोक्यावरच्या उघड्या स्लॅबचा. घरातून वाहणारी ऊर्जा ज्याला पाहायची असेल, त्याने वैशाखात रात्री दहा वाजता या स्लॅबखाली हात वर करून उभे राहावे.

मराठवाड्यातील जुन्या वाड्यांनी हा हिशेब अनुभवाने बसवला होता. जाड भिंती, वर मातीच्या थरांचे माळवद, मध्ये उघडा चौक. दिवसा माती ऊन अडवी आणि रात्री तापलेली हवा चौकातून वर निघून जाई. स्वयंपाकघर आग्नेयेला असावे या नियमालाही या प्रदेशात अर्थ असू शकतो. उन्हाळ्यात व पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येत असल्यामुळे पूर्वेकडच्या कोपऱ्यातील चुलीचा धूर घरावर न येता बाहेर जातो. जेथे लाकूड आणि गोवऱ्या जळत, तेथे बाईच्या डोळ्यांच्या व छातीच्या दृष्टीने हे महत्त्वाचे होते. आता गॅस आला, फ्लॅट आला. खिडकी एकाच बाजूला असेल तर ओटा त्या खिडकीजवळ हवा, मग ती खिडकी कोणत्याही दिशेला असो. नियमाचे कारण संपल्यावर नियम तेवढा उरतो, आणि मग त्या नियमाखातर खिडकीपासून दूर, अंधाऱ्या आग्नेय कोपऱ्यात ओटा बांधला जातो. त्या ओट्याशी रोज तीन-चार तास जी उभी राहते, तिला मात्र कोणी विचारलेले नसते.

पाण्याची गोष्टही अशीच आहे. खुलताबादच्या डोंगरावर १६२६ साली वारलेल्या मलिक अंबरची कबर आहे. त्याच्या धन्याची निजामशाही त्याच्या मागे दहा वर्षांत बुडाली. पण त्याने खडकी या नव्या नगरासाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरासाठी, डोंगरातून आणलेले नहरीचे पाणी त्यानंतर कित्येक पिढ्या प्याल्या. जमिनीखालून बांधलेल्या त्या नहरीचे सारे गमक उतारात होते. याच शहरात अठराव्या शतकातील पाणचक्की आहे. काही मैलांवरून मातीच्या नळांतून आलेले पाणी तेथे उंच भिंतीवर चढवले जाते आणि त्याच्या पडण्याने जाते फिरते. या जात्यावर कधीकाळी फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. वास्तूतून वाहणारी ऊर्जा डोळ्यांनी पाहायची तर ती येथे दिसते. आणि त्याच शहरात गेली कित्येक वर्षे नळाला अनेक दिवसांआड पाणी येत असताना, टाकी ईशान्येला की वायव्येला यावर घराघरांत वाद होतात. टाकी कोरडी असेल तर तिची दिशा कोणती, याने काय साधते?

या सर्वांत गंभीर धडा मराठवाड्याला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मिळाला. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झाले होते. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे, बहुतेक झोपेतच, घराखाली गाडली गेली. ती घरे काही वास्तुनियम मोडून बांधलेली नव्हती. पाया घालताना पूजा झाली असेल, वास्तुशांतही झाली असेल. माणसे मेली ती गोल दगड नुसत्या मातीत रचलेल्या भिंतींमुळे, भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारे लांब दगड न घातल्यामुळे, आणि वर्षानुवर्षे गळती थांबवण्यासाठी थरावर थर टाकून जड झालेल्या माळवदांमुळे. उन्हापासून वाचवणारी तीच माती डोक्यावर आली. पूर्वाभिमुख घरही पडले आणि दक्षिणाभिमुखही. भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीत दगडी भिंतींना जोडदगड घालणे, खिडक्या-दारांच्या माथ्यावरून सलग पट्टा फिरवणे, छताचे वजन कमी करणे या गोष्टी गवंड्यांना शिकवाव्या लागल्या. तीस वर्षांनंतर घर बांधणारे किती लोक कंत्राटदाराला या पट्ट्याविषयी विचारतात, आणि किती लोक उंबऱ्याखाली पिरॅमिड पुरायला विचारतात?

यावर नेहमीचे उत्तर असे की, मनाला समाधान मिळत असेल तर बिघडले कोठे? देव्हारा कोणत्या भिंतीला असावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यात कोणाचेच काही बिघडत नाही. बिघडते ते दुखण्याचे कारण भिंतीत शोधले जाते तेव्हा. मूल होत नाही म्हणून नैर्ऋत्येची न्हाणी पाडली जाते आणि दवाखान्याला जायचे दिवस टळतात. मुलाला गणित समजत नाही; शिकवणीऐवजी त्याचे टेबल फिरवले जाते. आणि घर ‘निर्दोष’ करूनही संकट आलेच, तर दोष भिंतीवरून माणसावर सरकतो. नव्याने आलेल्या सुनेच्या पायगुणाची चर्चा सुरू होण्यास मग वेळ लागत नाही. शिवाय पाच मजली इमारतीत एकाच नकाशाचे पाच फ्लॅट एकावर एक असतात. एका घरात पदवीचा पेढा वाटला जातो, दुसऱ्यात घटस्फोटाचा कागद येतो. दिशा तर पाचांचीही एकच असते.

अशा दाव्यांची परीक्षा घेणे अशक्य नाही. फलज्योतिषाची ती २००८ साली महाराष्ट्रातच झाली. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या एकत्र करून ज्योतिषांना आव्हान दिले. प्रत्येकाने चाळीस कुंडल्या पाहून मूल कोणत्या गटातील ते सांगायचे होते. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. त्यांतील सरासरी छेचाळीस टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले असते तरी याहून वाईट निकाल लागला नसता. वास्तूच्या सल्लागारांपुढेही असेच घरांचे नकाशे ठेवता येतील. कोणत्या घरात दिवाळे निघाले आणि कोणत्या घरात भरभराट झाली, हे त्यांनी घर न पाहता, घरमालकाशी न बोलता सांगावे.

नोकरदाराला तरी काय बोल लावायचा, जेथे सरकारेच ही वाट चालतात? तेलंगणाच्या जुन्या सचिवालयाविषयी २०१५ साली मुख्यमंत्र्यांनीच वास्तुदोषाची भाषा वापरली. २०२० मध्ये ते पाडण्यात आले आणि एप्रिल २०२३ मध्ये नव्या भव्य इमारतीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी डिसेंबरात मतदारांनी त्यांना त्या इमारतीतून बाहेर काढले. संविधानाच्या ५१ क कलमात १९७६ साली वैज्ञानिक दृष्टिकोनाची जोपासना हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून घातले गेले. मुख्यमंत्रीही नागरिकच असतात.

घर बांधायला निघालेल्या माणसाने प्रश्न जरूर विचारावेत. पायाखाली किती फुटांवर मुरूम लागतो? पश्चिमेच्या भिंतीवर सावली कशी पडेल? स्वयंपाकघरातील वाफ आणि धूर कोणत्या बाजूने बाहेर जाईल? गच्चीवरचे पावसाचे पाणी कोठे उतरवायचे? याची उत्तरे गावातल्या जाणत्या गवंड्याकडे आणि अभियंत्याकडे असतात, आणि सल्लागाराच्या मानधनापेक्षा ती महाग पडत नाहीत. नव्या वसाहतींतून दक्षिणमुखी प्लॉट पुष्कळदा मागे पडून राहतात आणि अखेरीस कमी दराने जातात. असा प्लॉट घेणाऱ्या शिक्षकाच्या हाती जी रक्कम उरेल, तीत मातीची तपासणी होईल, भिंतींवरून एक सलग पट्टा फिरेल आणि अंगणात पावसाच्या पाण्याची टाकी बसेल. टाकीसाठी कोपरा मात्र अंगणाचा उतार पाहून निवडावा.